मागच्या सीटचा काटा

मी काटा बोलतोय. मोटारसायकलवरचाच, पण हँडलवर जे दिमाखात बसलेले असतात त्यांच्यातला नव्हे. मी मागच्या सीटचा. चालवणाऱ्याला मी दिसत नाही. त्याच्या मागे ज्या बसतात त्यांच्यासाठी मला लावलंय. असे काटे जगात किती असतील मला माहीत नाही. मला बसवणाऱ्या वायरमनच्या मते मी एकटाच, आणि एक झाला तेवढा पुरे झाला.

माझं काम सोपं आहे. इंजिनाच्या पोटात तेल असतं, ते किती तापलंय ते सांगायचं. पोटाशी एक सेन्सर बसवलेला असतो. तो तारेतून निरोप पाठवतो आणि निरोप येईल तशी माझी सुई हलते. पन्नासपासून दीडशे अंशांपर्यंत माझी धाव. मला स्वतःचं मत नाही आणि ते नसण्याचा मला अभिमान आहे.

कारखान्यात एका बाईंनी चिमट्यानं माझी सुई बसवली. दिवसाला दोनशे सुया त्या बसवायच्या आणि प्रत्येकीवर हलकी फुंकर मारायच्या, धुळीचा कण राहू नये म्हणून. मग मला गरम तेलाच्या भांड्याशी जोडून पाहिलं. तेल शंभर होतं, मी शंभर दाखवले. पाठीवर हिरवा ठिपका लागला आणि मी पास झालो.

पुढची तीन वर्षं सुट्या भागांच्या दुकानात फळीवर गेली. मधे एका गिऱ्हाइकानं मला नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं. म्हणाला, "याच्यापायी रस्त्याकडे लक्षच राहत नाही. सारखी धाकधूक." दुकानदारानं मला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. खरं सांगणाऱ्याला माणसं मान देतात ती अशी, हाताला लागणार नाही इतक्या उंचावर.

मग एके दिवशी सकाळी एक जोडपं आलं.

"इंजिनाच्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा आहे का?" बाईंनी विचारलं.

दुकानदारानं सवयीनं त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं. "गाडी कुठली साहेब?"

"गाडी त्यांची आहे, काटा मला हवाय," बाई म्हणाल्या. "आणि आकडे मोठे असू देत."

या सिस्टर. नुसत्या म्हणायला नव्हे. तीस वर्षं त्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. खाटेच्या पायथ्याशी लटकणारे तापाचे तक्ते त्यांनी हजारोंनी भरले असतील. 'बरं आहे' हे त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. बरं आहे म्हणजे किती, हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला.

आणि त्यांचे यजमान लिफ्टवाले. उंच इमारतींतल्या लिफ्टा दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं घाबरीघुबरी होतात, दारं बडवतात. अशा वेळी लिफ्टवाले दाराच्या फटीला तोंड लावून म्हणायचे, "काही नाही, दोन मिनिटांत होतंय." ती दोन मिनिटं कधी दोन असायची, कधी दीड तास. पण आतली माणसं शांत व्हायची. त्यामुळे या वाक्याला खोटं म्हणतात हे लिफ्टवाल्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. पान्ह्याबरोबर तेही त्यांच्या पिशवीत असायचं.

आता अशा दोन माणसांनी एका मोटारसायकलवर बसायचं म्हणजे काय होणार? गाडी होती लांब पल्ल्याची, मोठी, दोन बाजूंना दोन पेट्या आणि मागे एक. निवृत्तीनंतर जग बघायचं असं दोघांनी ठरवलेलं. पहिल्याच मोठ्या सहलीत इंजिनातलं तेल कमी झालं. ते लिफ्टवाल्यांना ठाऊक होतं. सिस्टरांनी तीनदा विचारलं, आवाज वेगळा येतोय का हो? तिन्ही वेळा उत्तर आलं, काही नाही, ठीक आहे. चौथ्यांदा विचारायची वेळ आली नाही, कारण गाडीच बंद पडली. भर उन्हात चार तास दोघं उभी होती.

घरी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही गाडीनं या. मी बसनं येईन."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. लिफ्टवाले एकदा एकटे निघाले आणि तासाभरात परत आले. मागे कुणी नसलं की गाडी हलकी लागते, वळणावर भरवसा वाटत नाही, असं त्यांनी वायरमनला सांगितलं. खरी गोष्ट अशी होती की त्यांना सिस्टरांशिवाय कुठेच जायचं नव्हतं. पण तेवढं सरळ बोलणं त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं.

सिस्टरांनी एकच अट घातली. "मला माझा काटा हवा. मी बसते तिथून दिसणारा. मग मी तुम्हाला काही विचारणारच नाही."

म्हणून मी.

मला बसवायला दीड दिवस लागला. वायरमन हा लिफ्टवाल्यांचा जुना सोबती. गाडीच्या विजेचं कुठलंही काम त्याच्याकडे जायचं, आणि तो स्वतःही तारेसारखाच किडकिडीत. त्यानं आधी मला मागच्या धरायच्या दांडीवर लावून पाहिलं. सिस्टर गाडीवर चढून बसल्या, मांडीवर पर्स, डोक्यात हेल्मेट, गाडी स्टँडवर. "मान वळवावी लागते. नको," म्हणाल्या. मग त्यांनीच खडू मागून घेतला आणि सरळ बसल्यावर नजर सहज कुठे खाली जाते तिथे फुली मारली. सीटच्या कडेला, डाव्या गुडघ्याच्या जरा पुढे.

"वहिनी, तिथं पट्टी लावायला जागा नाही," वायरमन म्हणाला.

"बघ म्हणजे सापडेल."

सापडली. पण उघड्यावर माझी पाठ ओली होणार, म्हणून घर हवं होतं. सिस्टरांनी घरून स्टीलची एक गोल डबी आणली. वॉर्डात त्या कापसाचे बोळे तीत ठेवायच्या. तळाला भोक पाडून वायरमननं मला तीत बसवलं तर मी अगदी चपखल बसलो. इंजिनाच्या थरथरीनं सुई नाचू नये म्हणून लिफ्टवाल्यांनी लिफ्टच्या दारांना असतो तो रबर कापून डबीखाली घातला. सेन्सर गेला इंजिनाच्या तळाशी, तेल सोडायच्या नटाच्या जागी. त्याची तार वायरमननं चौकटीच्या कडेकडेनं, गरम भागांपासून चार बोटं लांब ठेवून वर आणली. जिथे लांब ठेवणं जमेना तिथे तिला कापडी बाही घातली. मधे एक फ्यूज. माझ्या दिव्याचा पिवळा उजेड सिस्टरांच्या डोळ्यांत जाई, म्हणून त्यावर हिरवी टोपी चढली.

शेवटचा हात सिस्टरांचा. पर्समधून लाल नेलपॉलिश काढून त्यांनी माझ्या काचेवर एकशे वीसच्या जागी एक बारीक रेघ ओढली. हात जराही हलला नाही.

"याच्या वर गेलं की थांबायचं," त्या म्हणाल्या.

"थांबायचं," लिफ्टवाले म्हणाले. त्यांना वाटलं, एवढ्यावर सुटलो.

कसले सुटतात! पहिल्या सहलीत चढाच्या रस्त्यावर आम्ही अकरा वेळा थांबलो. मी एकशे एकवीस दाखवले की मागून हाक यायची, "एकशे एकवीस, थांबा." गाडी कडेला, इंजिन बंद, वीस मिनिटं. निघालो की दोन वळणांनंतर पुन्हा तेच. एक सायकलवाला आम्हाला गाठून पुढे गेला, आम्ही त्याला गाठलं, आम्ही थांबल्यावर तो पुन्हा पुढे गेला. तिसऱ्यांदा त्यानं हात हलवला. लिफ्टवाल्यांना तो हात फार लागला.

"अगं, एकशे वीसला काही होत नाही. एकशे तीसपर्यंत चालतं. साप साप म्हणून भुई कशाला धोपटायची?"

"मग रेघ ओढताना गप्प का होतात?"

लिफ्टवाल्यांनी गाडी सुरू केली. खरं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. थोडं वर गेलं तरी चालतं. तेवढं नीट समजावून सांगितलं असतं, वायरमनला साक्षीला घेतलं असतं, तर सिस्टरांनी रेघ पुसून पुढे ओढली असती. आकड्यापुढे त्या कधीच हट्ट करत नाहीत. पण समजावण्यापेक्षा शांत करणं लिफ्टवाल्यांना जास्त येत होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते एकटेच वायरमनकडे आले.

"हिचा काटा जरा शांत कर," ते म्हणाले.

वायरमननं हातातली पक्कड खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे वर चढू नये फारसा. तारेत काहीतरी घालता येतं ना?"

"येतं. पण दादा, हे बरं नाही."

"अरे, तिच्या मनाला बरं. लिफ्टमधे अडकलेल्या माणसाला दोर किती झिजलाय ते सांगायचं असतं का?"

"पण लिफ्टच्या बाहेर तू असायचास. इथे तूही आतच आहेस."

"मला इंजिन ऐकू येतं," लिफ्टवाले म्हणाले. "तीस वर्षं लिफ्टच्या मोटारींचे आवाज ऐकलेत. मला काटा लागत नाही."

वायरमन नाही म्हणू शकला असता. त्यानं डोकं खाजवलं, दोनदा चहा केला आणि शेवटी डाव्या बाजूचं झाकण काढून माझ्या तारेत एक रेझिस्टर जोडला. तांदळाएवढी वस्तू, अंगावर रंगीत पट्टे. तारेतून येणारा निरोप ती थोडा अडवते आणि उरलेला पुढे सोडते. वर काळी पट्टी गुंडाळली, झाकण लावलं, काम झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

आता यातली खोच बघा. इंजिन गार असताना या रेझिस्टरचा परिणाम फारसा जाणवत नाही. साठला मी अठ्ठावन्न दाखवायचो, नव्वदला त्र्याऐंशी. गाडी जशी तापेल तसा माझा खोटेपणा वाढत जायचा. पूर्वी ज्या वळणावर मी एकशे सव्वीस दाखवले होते, तिथेच आता एकशे एक दाखवू लागलो. खऱ्याची गरज नसताना खरा आणि गरज पडली की खोटा, असं माझं वागणं झालं. मला फार लाज वाटायची. पण सुईला तोंड नसतं आणि तारेतून येईल तेवढंच माझ्या हातात असतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दिवस फार सुखाचे गेले.

सिस्टर निवांत झाल्या. मागच्या पेटीला पाठ टेकून बसायला लागल्या. डोंगर बघायच्या, दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या, कधी डुलकी काढायच्या. लेक वरच्या गावात नोकरीला होती, तिच्याकडे दोनदा जाऊन आलो. तिनं विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटत?" तर सिस्टरांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "हा आहे ना."

लिफ्टवाले सुरुवातीला गंमत म्हणून विचारायचे, "काय म्हणतोय काटा?" आवाजात हसू असायचं, ते मला ओळखू यायचं.

"अठ्ठ्याण्णव."

"बघ!"

मग हळूहळू ते हसू गेलं आणि विचारणं तेवढं राहिलं. दर पंधरा मिनिटांनी विचारायचे. चढ लागला की आपणहून विचारायचे. हेल्मेटमधे इंजिन पूर्वीसारखं ऐकू येईना, कानही वयाला आले होते. सिस्टर आकडा सांगायच्या आणि लिफ्टवाल्यांचे खांदे सैल पडायचे. रेझिस्टर आपणच घालून घेतलाय हे ते विसरले म्हणाल तर तसं नाही. विचारलं असतं तर आठवलं असतं. पण विचारणारं कुणी नव्हतं आणि आकडा कानाला गोड लागत होता. चौदा महिन्यांत त्या दोघांपैकी माझ्यावर कुणी जास्त विश्वास ठेवला असेल तर तो ज्यानं मला खोटं केलं त्यानं.

तिसऱ्यांदा लेकीकडे निघालो तेव्हा घाटात रस्त्याचं काम चालू होतं. एकच बाजू सुरू. पुढे मालाच्या गाड्यांची रांग, त्यांच्यामागे आम्ही, माणूस चालतो त्या वेगानं. आमचं इंजिन वाऱ्यानं गार होणारं, आणि त्या वेगाला वारा कुठला? मी एकशे दोन दाखवले, मग एकशे पाच. खरं किती होतं ते मला माहीत नव्हतं; ते माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. पण डबी खालून तापायला लागली होती आणि काचेवरची लाल रेघ मऊ पडली होती. एवढं मला कधीच भाजलं नव्हतं.

"अहो, वास येतोय," सिस्टर म्हणाल्या.

"काटा किती?"

"एकशे आठ."

"मग पुढच्या ट्रकचा असेल."

"माझ्या पोटरीला चटका बसतोय."

"किती म्हणालीस?"

"एकशे आठच आहे." सिस्टरांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. अगदी जवळून. क्षणभर मला वाटलं, आता यांना कळेल. पण त्यांनी स्वतःच्या नाकावर आणि पोटरीवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. "चला मग," म्हणाल्या.

पुढच्या वळणावर इंजिनातून हातोडीसारखे तीन ठोके आले आणि पिस्टन जाम झालं. मागचं चाक धरलं गेलं. वेग नव्हता म्हणून बचावलो. लिफ्टवाल्यांनी क्लच दाबला, पण एवढी भरलेली गाडी सावरेना. आम्ही डाव्या अंगावर पडलो. पेटी आणि रस्त्याच्या मधे सिस्टरांचा पाय अडकला, माझ्या काचेला तडा गेला.

मागच्या गाडीतल्या माणसांनी येऊन गाडी उचलली. सिस्टर रस्त्याच्या कडेला बसल्या, स्वतःच्या घोट्यावर बोटं फिरवून पाहिली. "मोडला नाही. मुरगळलाय," असं त्यांनीच जाहीर केलं. लिफ्टवाल्यांची पाचावर धारण बसली होती. ते सारखं म्हणत होते, "काही नाही, काही नाही."

मग सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली अजून चालूच होती. इंजिनातून धूर निघत होता आणि मी सांगत होतो, एकशे आठ.

"बिघडलाय हा," त्या म्हणाल्या.

इथे लिफ्टवाल्यांनी बोलायला हवं होतं. मी वाट पाहिली. त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या सुजत चाललेल्या पायाकडे, आणि म्हणाले, "मीटरच भिकार निघाला."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. त्या दिवशी अंगण मी होतो. एवढ्या वर्षांत मला कुणी भिकार म्हटलं नव्हतं. ते मला तड्यापेक्षा जास्त लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गाडी वायरमनकडे आली. आठवड्यानं सिस्टर लंगडत तिथे हजर झाल्या.

"तो काटा आणि त्याचा सेन्सर मला काढून दे."

"टाकून द्यायचाय ना वहिनी? मी टाकतो."

"टाकायचा नाही, तपासायचाय. वॉर्डात एखादा थर्मामीटर चुकीचा निघाला तर तो किती चुकतो ते आम्ही आधी बघायचो. चौदा महिने मी याचे आकडे वाचलेत. ते किती चुकले ते मला कळायला हवं."

वायरमननं हात पुसले. त्यानं मला काढलं, सेन्सर काढला, एक जुनी बॅटरी दिली. मधली तार गाडीतच राहिली. "वहिनी, न्या, पण..." म्हणाला.

"पण काय?"

"सांभाळून न्या. काच आहे."

घरच्या ओट्यावर सिस्टरांनी पातेल्यात पाणी ठेवलं. सेन्सर दोरीनं बांधून पाण्यात सोडला, बॅटरीला दोन तारा लावल्या, मला डब्याला टेकवून उभं केलं आणि स्टूल ओढून समोर बसल्या. लिफ्टवाले आवाज ऐकून आले आणि दाराशीच थबकले. चोराच्या मनात चांदणं. काय चाललंय हे त्यांना विचारावं लागलं नाही.

पाणी तापत गेलं. साठ. ऐंशी. नव्वद. चौदा महिन्यांनी माझ्यापर्यंत पुरा निरोप येत होता. पाण्याला उकळी फुटली आणि माझी सुई शंभरावर जाऊन स्थिर झाली. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

सिस्टरांनी वाकून आकडा पुन्हा वाचला. गॅस बंद केला नाही.

"काटा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सेन्सर बरोबर आहे. म्हणजे चूक या दोघांच्या मधे कुठेतरी आहे."

त्या दाराकडे वळल्या.

"मधे काय आहे हो?"

"मधे मी आहे," लिफ्टवाले म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. रेझिस्टर, काळी पट्टी, सायकलवाल्याचा हात, सगळं. वायरमननं नको म्हटलं होतं हेही सांगितलं. सिस्टरांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"चौदा महिने," शेवटी त्या म्हणाल्या. "मी वाचून दाखवायचे आणि तुम्ही ऐकायचात."

"हो."

"आणि त्या दिवशी घाटात मी एकशे आठ म्हटलं तेव्हा?"

"मला ते खरं वाटलं," लिफ्टवाले म्हणाले. "आईशप्पथ, मला खरं वाटलं."

सिस्टरांनी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी बसनं लेकीकडे गेल्या आणि तीन आठवडे आल्या नाहीत. मी ओट्यावरच होतो. लिफ्टवाले चहा करायला यायचे, माझ्याकडे बघायचे आणि चहा न घेताच जायचे.

इंजिन खोललं, नवं पिस्टन बसलं. रेझिस्टर वायरमननं स्वतः कापून काढला आणि मला पुन्हा जागेवर लावलं. गाडी चालू होऊन रुळली तसे लिफ्टवाले एकटेच त्या घाटात गेले. मी त्यांना बसल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी थांबायचे, उतरायचे, वळसा घालून मागे यायचे, चष्मा लावून मला वाचायचे आणि घडी घातलेल्या एका कागदावर लिहायचे. कागद सिस्टरांच्या कपाटातला होता. तापाचा कोरा तक्ता. वेळ, आकडा. वेळ, आकडा. एकदा एकशे एकोणतीस आले. पेन जरा थांबलं, पण लिहिले एकशे एकोणतीसच.

सिस्टर परत आल्या तेव्हा तक्ता टेबलावर होता. सिस्टरांनी तो वॉर्डातल्या पाळीवर आल्यासारखा वरपासून खालपर्यंत तपासला.

"पावणेतीनची नोंद नाही."

"झोपलो होतो. झाडाखाली."

"का?"

"दमलो होतो," लिफ्टवाले म्हणाले.

हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला असावा, कारण सिस्टरांनी तक्ता खाली ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. लगेच काही गोडीगुलाबी झाली नाही. आणखी दोन महिने गाडी झाकून होती. मग एक दिवस त्या हेल्मेट घेऊन बाहेर आल्या, नेलपॉलिशची जुनी रेघ खरवडून काढली आणि वायरमनला विचारून एकशे तीसवर नवी ओढली.

आज मी असा आहे. काचेचा तडा तसाच आहे, आत थोडी वाफ धरते, हिरवी टोपी विटलीये. कुणी माझ्यासारखा काटा आपल्या गाडीवर लावणार असाल तर हौसेनं लावा. डबी तुमच्या आवडीची करा, दिव्याचा रंग बदला, रेघा ओढा, जागा हवी ती निवडा. तारेत मात्र काही घालू नका. एवढंच मागणं आहे. परवाचं सांगतो आणि तुमची रजा घेतो.

परवा दुपारी घाट चढून आम्ही सपाटीला लागलो होतो. वारा होता, रस्ता मोकळा होता.

"काटा काय म्हणतो?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"हं."

थोडा रस्ता गेला. मग सिस्टरांनी विचारलं, "आणि तुम्ही?"

पूर्वी याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं. आता बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला.

"मी एकशे बत्तीस," लिफ्टवाले म्हणाले. "कंबरेनं जीव काढलाय."

"मग थांबा."

गाडी कडेला लागली. लिफ्टवाल्यांपासून माझ्यापर्यंत कुठलीच तार येत नाही, तेव्हा त्या आकड्याची खात्री मला देता येणार नाही. सिस्टरांनीही ती करून घेतली नाही. कपाळाला हात लावला नाही, नाडी पाहिली नाही. त्यांनी आकडा ऐकला आणि उतरल्या.